सरकारांच्या मोटारीची झापड

भर बाजारात सरकार मोटारीतून खाली उतरले आणि त्यांचा फेटा मात्र वरच राहिला. झापडीला चिकटून! मोटार मी चालवत होतो. झापडीला डिंकही मीच लावला होता.

झापड म्हणजे समोरच्या काचेवर आतून असते ती कापडी फळी. ऊन डोळ्यांवर आलं की खाली ओढायची. आमच्या वडजाई संस्थानात मोटार एकच, आणि तिची झापड विटलेली, किनारीला फाटलेली. आतला पुठ्ठा मोडल्यामुळे ती सरकारांच्या नाकावर लोंबायची. मुंबईहून नवी मागवावी, तर सरकारांचा हात खिशाकडे जाता जाता परत यायचा. तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो की घरच्या घरी करतो, पै लागणार नाही. मला कोणी विचारलं होतं का? पण आमचं शहाणपण उतू जात होतं. फाटक्या जागी सढळ हाताने डिंक ओतला. उन्हाने तो पाघळला, आणि संस्थानाने सरकारांचं टक्कल पाहिलं.

संध्याकाळी बोलावणं आलं. सरकार माझ्याकडे न बघता म्हणाले, "रायाजी, उद्या सकाळी झापड नीट झालेली पाहिजे. नवं कापड आणायचं नाही. आणि जुनं मला चालणार नाही. जमलं नाही तर चाव्या ठेव आणि गावी जाऊन नांगर धर."

मी नांगर धरला की बैलसुद्धा मागे वळून बघतात.

झापड काखेत मारून घरी आलो. ठकू, म्हणजे माझी बायको, तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून तिने पदर तोंडाला लावला. रडतेय म्हणून मी धीर द्यायला गेलो, तर ती हसत होती. मी म्हटलं, हसू नकोस, माझा बेत तयार आहे, झापडीला बुटाचं पॉलिश मारतो.

"म्हणजे आज सरकारांचा फेटा काढलात, उद्या तोंड काळं करणार?"

मी पॉलिशचा बेत सोडला. तिने झापडीची शिवण उसवली, कापड गरम पाण्यात घालून डिंक काढला आणि चुलीच्या उबेला वाळवलं. मग ते उलटं केलं. बाहेरून विटलेलं कापड आतून सुरेख बदामी होतं! फाटकी किनार तिने आत दुमडली, मोडक्या सुपाच्या कामट्या पुठ्ठ्याच्या जागी घातल्या आणि शिवून टाकलं. मला सुईत दोरा ओवायला दिला होता, तोही शेवटी तिनेच ओवला.

सकाळी झापड मोटारीत बसवली. ठकू माझ्याबरोबर आली होती, माझ्या तोंडावर तिचा भरवसा नव्हता. सरकारांनी झापड वरखाली केली आणि डोळे वटारले. "नवं कापड आणलंस!"

"नाही हो सरकार, जुनंच आहे," मी घाईघाईने बोलून गेलो.

"जुनं? मग हरलास. ठेव चाव्या."

स्वतःच्या पायाने खड्ड्यात उतरणारा माणूस मी पहिलाच असेन. चाव्या काढायला खिशात हात घातला, तोच ठकू पुढे झाली.

"सरकार, दसऱ्याला भर दरबारात यांचा कोट बघून आपण काय म्हणाला होतात?"

सरकारांनी आठवून पाहिलं. "रायाजी, नवा कोट छान शिवलास, असं म्हणालो होतो."

"तो कोट आमच्या लग्नातला. झिजलेली कॉलर उसवून मी उलटवली होती, या झापडीसारखीच. सरकारांनी त्याला नवा म्हटलं, मग ही जुनी कशी? आणि कापड म्हणाल, तर आणलं कुठून? ते तर मोटारीतच होतं. फक्त त्या बाजूने अजून ऊन पाहिलं नव्हतं."

सरकार असे हसले, असे हसले, की फेटा दोन्ही हातांनी धरावा लागला. त्यांनी ठकूला जरीचं लुगडं आणवलं आणि वर आणखी काय हवं ते मागायला सांगितलं.

"यांना दिवसभर मोटारीवर ठेवा, सरकार. घरी असले की डिंकाचा डबा उघडतात."

नोकरी राहिली. मी आशेने उभाच होतो, तेव्हा सरकारांनी आतून कालचा डिंकाळलेला फेटा मागवला आणि माझ्या हातात ठेवला.

"हा तुला. बायकोकडून उलटवून घे."