वर जाणारी वीज

एका पठारावर एक गाव होतं आणि त्या गावाला एक खोड होती. कुठेही ढग गडगडला, अगदी दूर डोंगरापलीकडे का होईना, की लोक अंगणात लोखंडी पहार टाकत, दारं लावून घेत आणि आवाज थांबेपर्यंत आभाळाकडे बघत नसत. बघितलं तर वीज घरावर येते म्हणे. त्यामुळे वीज कशी असते हे सगळे छातीठोक सांगत, पाहिली मात्र कोणीच नव्हती.

ठकूबाई मेंढपाळ होती. मेंढरांना कुठली दारं? एकदा अंधार पडता पडता ती कळप घेऊन परतत होती. डोक्यावर चांदण्या होत्या, लांब पूर्वेला वादळ चाललं होतं. ढगात वीज लखलखली आणि लगेच ढगाच्या माथ्यावर तांबडा उजेड उभा राहिला, थेट वर आभाळात. डोळा लवायच्या आत विझलासुद्धा.

तिने गावात सांगितलं. लोक पोट धरून हसले. केरबा पाटील मात्र चिडले. वीज खाली पडते, वर जात नाही, आणि मुळात हिने बघितलंच कसं? देवळासमोर 'मी खोटं बोलले' म्हण, नाहीतर तळ्यावर मेंढरं आणायची नाहीत, असं त्यांनी बजावलं. तळ्याच्या वाटेवर काटे पडले.

"पानी तुमचं असंल, डोळं माझं हायेत," ठकूबाई म्हणाली. "दिसलं ते दिसलं."

ती रोज घाट उतरून मेंढरं ओढ्यावर नेऊ लागली. उन्हाळा वाढला, ओढा आटत आला. दोन कोकरं तहानेने गेली, तेव्हा ती ढसाढसा रडली. एक शब्द तर बोलायचाय, लोक समजावत. नेमका तोच तिला बोलायचा नव्हता.

वळवाच्या दिवसांत एका संध्याकाळी पुन्हा लांब गडगडलं. दारं लागली. ठकूबाई पाटलांच्या दारासमोर आभाळाकडे तोंड करून बसली. तिला हाकलायला पाटील तावातावाने बाहेर आले. त्यांनी हात उगारला आणि तो तसाच राहिला. दूरच्या ढगावर तांबडा उजेड उभा राहिला आणि क्षणात विझला. उगारलेला हात खाली घेऊन ते आत गेले.

सकाळी तळ्यावरचे काटे काढलेले होते. पाटील काठावर गप्प उभे होते, गावही जमलं होतं. मेंढरं पाण्याकडे ओढ घेत होती. ठकूबाईने काठी आडवी धरली.

"काटं काढलं, आता तोंडबी उघडा. त्याबिगर माझं मेंढरू पानी पिनार न्हाई."

पाटलांनी मान खाली घातली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "मलाबी दिसलं."

ठकूबाईने काठी उचलली.

तात्पर्य: दारं लावून बसलेलं अख्खं गाव नाही म्हणालं, तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाकारू नये, आणि ज्याला खरं पटलं, त्याने ते मनात न ठेवता चारचौघांत बोलावं.