हळदीचं पेव आणि शेठचा कंदील

एका गावात एक म्हातारी होती, आणि त्या गावात घरांपेक्षा पेवं जास्त. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं हळदीचं कोठार. तोंड एवढंसं, एक माणूस जेमतेम उतरेल. पोट मात्र घराएवढं. त्यात हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. तीन-तीन वर्षं ना कीड लागायची, ना वास उडायचा. दहा गावांच्या बायका लग्नाला आणि लोणच्याला हीच हळद मागायच्या. अशा गावाला मिजास असणारच, आणि का नसावी?

पेव उघडायचा मान म्हातारीचा. तिचा नेम ठरलेला. तोंडाची माती फोडली की एक दिवस, एक रात्र पेव उघडं ठेवायचं. मग दोरीनं दिवा खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तरच माणूस उतरेल, आणि पहिली ती स्वतः उतरेल.

"कोंडलेली हवा माणूस खाते," ती म्हणायची. "आधी पेवाला श्वास घेऊ द्या, मग तुम्ही घ्या."

चाळीस वर्षांत तिनं उघडलेल्या पेवात एक माणूस दगावला नव्हता. हे ती येता-जाता सगळ्यांना ऐकवायची. ऐकवणारच! कमावलेलं होतं तिनं ते.

एका वर्षी काय झालं, हळदीला गिऱ्हाईकच फिरकेना. गावाची सगळी मेहनत जमिनीखाली पडून. अशात बंदरावरून एक शेठ वीस गाड्या घेऊन आला. पुढच्या गाडीला काचेचा कंदील टांगलेला. "भर समुद्रातल्या वादळात विझत नाही हा," तो उतरल्या उतरल्या सांगू लागला. मग हळदीकडे वळला. "सगळा माल घेतो. पण आत्ताच्या आत्ता भरा. मला थांबायला वेळ नाही."

म्हातारीनं सगळ्यात मोठ्या पेवाची माती फोडली आणि हात झटकले. "फोडलं. आता उद्या या."

"उद्या?" शेठ हसला. "म्हातारे, आत हळदीची माती झाली असेल, म्हणून तर उद्यावर ढकलतेस! घरी जाऊन कुठून तरी चार चांगल्या कांड्या आणशील आणि मला दाखवशील. मी आपला शेजारच्या गावाला जातो. आणि वाटेत सगळ्यांना सांगतो, इथली हळद किडली म्हणून."

म्हातारीच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या गावच्या हळदीला किडकी म्हणतो! गावकरीही चिडले. तेवढ्यात हमालांचा मुकादम पुढे आला. दोन पोरींचा बाप, बैलासारखा दणकट गडी. त्यानं मुंडासं काढून कमरेला बांधलं.

"आजी, मी उतरतो. मूठभर हळद काढून याच्या तोंडावर मारतो. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"उतर, उतर!" लोक ओरडले.

म्हातारीला क्षणभर वाटलं, उतरू द्यावं. दाखवावीच याला हळद. आणि तेवढ्यात तिला आपला नवरा आठवला. चाळीस वर्षांपूर्वी, हा मान तिच्याकडे यायच्या आधी, तोही असाच उतरला होता, लोक भित्रा म्हणून हसले म्हणून. बाहेर आला तो चौघांच्या खांद्यावर.

ती पेवाच्या तोंडाशी फतकल मारून बसली. "कुणी उतरणार नाही."

"आजी, गिऱ्हाईक जाईल!" पाटील कळवळून म्हणाला. "वर्षाचा माल सडेल."

"सडत नाही तो. माझ्या हातचं पेव आहे. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येईल, याच्या पोरींना बाप दुसरा येणार आहे का?" मग ती शेठकडे वळली. "आण तुझा तो वादळातला कंदील."

शेठनं ऐटीत कंदील पेटवून दिला. म्हातारीनं दोरी बांधून सोडला. पुरुषभर खाली गेला आणि ज्योत मिटली. वर काढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा मिटली.

"दोरी हलवतेस तू!" शेठ तडकला. म्हातारी "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्यानं पालथं पडून डोकं पेवात घातलं. "कुठं आहे हवा? काही नाही इथं, नुसता..."

पुढचं बोलणं आलंच नाही. त्याचं अंग सैल पडलं आणि तो पुढे घसरू लागला. म्हातारीनं झडप घालून त्याचा पाय धरला, मुकादमानं दुसरा. दोघांनी मिळून शेठला पोत्यासारखं बाहेर ओढलं.

तोंडावर तांब्याभर पाणी मारल्यावर शेठनं डोळे उघडले.

"काय शेठ," म्हातारीनं विचारलं, "किडली होती का?"

सगळं गाव हसलं. शेठ हसला नाही. त्यानं गाड्यांचे बैल सोडायला सांगितले आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर म्हातारीनं कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा दोरीला बांधला आणि पेवात कितीतरी वेळ वरखाली केला. मग कंदील सोडला. तो खाली हळदीवर टेकला आणि जळत राहिला, देवघरातल्या समईसारखा. म्हातारीनं पदर खोचला, कमरेला दोर बांधला आणि पहिली तीच उतरली.

वर आली ती ओंजळभर हळद घेऊन. एक कांडी तिनं दगडावर ठेवून फोडली. आतून केशरी, आणि वास असा की गाडीचे बैलसुद्धा मान वळवून बघू लागले. तिनं ती कांडी शेठच्या नाकापुढे धरली.

"घे वास. आता घे छाती भरून."

शेठनं डोळे मिटून वास घेतला आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. वीसही गाड्या भरल्या. निघताना तो पेवातून आपला कंदील काढायला विसरला नाही. काढला आणि म्हातारीच्या हातात दिला.

"माझ्यापेक्षा याला जास्त कळतं, आजी. राहू दे इथंच."

"राहू दे," म्हातारी म्हणाली. "समुद्रावर काय, कुणीही जळतं. इथं विझून दाखवायचं काम आहे."

तात्पर्य: चांगल्या मालाला टोमण्यानं कीड लागत नाही आणि एक दिवस थांबल्यानं त्याचं मोल उतरत नाही. म्हणून लोकांची तोंडं बंद करायला कुणाचा जीव पुढे करू नये.