सगुणेची जागा

‘मग सगुणा आज दिसत का नाही?’ अनंतबुवांनी विचारलं.

श्रीपती याच प्रश्नाची वाट बघत होता. मठाच्या उदबत्तीच्या कारखान्याचा कारभार त्याच्याकडे आल्यापासून बुवांना कशातच लक्ष घालावं लागलं नव्हतं. आपल्या शहाणपणाचं त्याला फार कौतुक.

‘तिची तक्रार होती, बुवा. मसाला मळताना मुकादम मागून येतो, अंगाला हात लावतो म्हणे. मी कुठं बोभाटा होऊ दिला नाही. तिला मागच्या अंगणात काड्या वाळत घालायला बसवलं. मिटलं.’

‘उन्हात?’

‘उन्हात... हो. पण तिथं तिला कुणी त्रास देणार नाही.’

‘आणि मुकादम?’

‘तो आत आहे, नेहमीच्या जागी. जुना माणूस, बुवा. मठाच्या उदबत्तीचं नाव त्याच्या हातावर आहे.’

‘ती काय म्हणाली?’

‘उद्यापासून येत नाही म्हणाली. येईल. घरी दोन पोरं आहेत, जाते कुठं?’



गुडघ्यांवर हात टेकून बुवा घोंगडीवरून उठले. काठी तशीच भिंतीशी राहिली. ओसरी उतरून ते मागच्या अंगणात गेले आणि सगुणा काड्या पसरत होती तिथं, तापलेल्या फरशीवर बसले.

सगुणा गडबडून उभी राहिली.

‘बस, बाई. तुझं काम चालू दे.’

ती बसली, पण तिचे हात काही चालेनात.

श्रीपती धावत आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कारखान्यातून दोघीचौघी डोकावून बघत होत्या, आणि त्यांच्या मागं मुकादमही.

‘बुवा, हे काय? चटके बसतील. आत चला!’

‘माझ्या घोंगडीत विंचू आहे.’

‘विंचू?’ श्रीपतीनं इकडंतिकडं बघितलं आणि चुलीजवळचा चिमटा उचलला. ‘मग आपण कशाला उठायचं? जागा आपली आहे. थांबा, आत्ता त्याला बाहेर काढतो!’

तो तरातरा ओसरीकडं निघाला.

‘श्रीपती...’

चिमटा हातात धरून तो वळला. बुवा उन्हात डोळे बारीक करून त्याच्याकडं बघत होते.

‘राहू दे त्याला. जुना आहे... मी उठलो ना. मिटलं.’