चाळीस पेट्यांचा पाक

“पण साखर टाकायच्या आधी आग विझवायची कशाला, बाबा?”

निरंजन खलाटे हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होता.

“तळाला लागती,” कोंडीबाबा म्हणाले.

“ढवळत राहिलं तर नाही लागत. आमच्या घरचं गुऱ्हाळ आहे. मी रांगत होतो तेव्हापासून काहिलीशेजारी आहे.”

“आसंल...”

कोंडीबाबा ढेबे घाटमाथ्यावरचे जुने मधपाळ. वय पंचाहत्तर, मधमाश्यांच्या पेट्या चाळीस. निरंजन शेतकी कॉलेजचा सुवर्णपदकवाला, दोन वर्षांपासून त्यांच्याकडे शिकायला राहिलेला. बाबांची नजर आता अधू झाली होती. या पावसाळ्यात पेट्या कुणाच्या तरी हाती द्यायच्या, असं ते उन्हाळ्यातच बोलून गेले होते. तो कुणीतरी आपणच, याबद्दल निरंजनला शंका नव्हती. बाबा मात्र पुढे काही बोलत नव्हते.

श्रावण होता, आणि सलग अकरा दिवस संततधार पडत होती. रानात एक फूल धड राहिलं नव्हतं. अशा दिवसांत माश्यांना साखरेचा पाक करून घालावा लागतो, नाहीतर पेट्याच्या पेट्या उपाशी मरतात. दरड कोसळून घाट बंद पडला होता. घरात साठ किलो साखर होती, तेवढीच.

बाबांची रीत संथ. पंगतीच्या तपेल्यात पाणी उकळायचं, चुलीतली लाकडं ओढून विझवायची, मग मुठीमुठीनं साखर सोडायची. पाणी कोमट झालं की बाही वर करून कोपरापर्यंत हात घालायचा आणि बोटांना एक दाणा लागेनासा होईपर्यंत फिरवत राहायचं. सकाळी बसलेला माणूस दुपारी उठायचा.

बाबा उतारावरच्या पेट्या बघायला गेले, आणि आमच्या सुवर्णपदकवाल्यानं लाकडं ओढली नाहीत. उलट दोन वाढवली आणि सगळी साखर एकदम ओतली.

पाऊण तासात पाक तयार. फक्त ढवळायचा दांडा वर काढला तेव्हा त्याच्या टोकाला काळपट काहीतरी चिकटून आलं.

निरंजननं वरचा पाक अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घेतला. दिसायला तो छान तांबूस होता.

पाक निवत आला तेव्हा बाबा आले. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं.

“तळाला जरासं लागलं,” निरंजन म्हणाला. “वरचा चांगला आहे. आणि वाईट असेल तर माशी पिणारच नाही. मुक्या जिवाला कळतं.”

“बघू या... हातमोजा काढ.”

दोन वर्षांत निरंजननं हातमोज्याशिवाय एकही पेटी उघडली नव्हती. त्यानं मोजा काढला. बाबांनी त्याच्या तळव्यावर पाकाचा एक थेंब सोडला आणि त्याला अंगणाच्या कडेच्या पेटीसमोर उभं केलं.

पाऊस जरा थांबला होता. पेटीच्या दारातून एक माशी बाहेर आली. हवेत घुटमळली. मग तळव्यावर उतरली.

तिनं जीभ बाहेर काढली. केसाएवढी. ही जीभ निरंजननं परीक्षेत भागांच्या नावांसकट काढली होती, पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. तिच्या स्पर्शानं हाताला गुदगुल्या होतात, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. माशीचं पोट हळूहळू भरत गेलं, त्यावरचे पट्टे एकमेकांपासून लांब झाले. त्यानं श्वास रोखून धरला. एवढासा जीव आपल्या हातावर बसून निवांत जेवतो आहे, याचंच त्याला नवल वाटत होतं.

“प्याली,” तो हळूच म्हणाला. “हातच्या काकणाला आरसा कशाला, बाबा?”

“प्याली खरी... आता फुडं?”

“पुढं काय?”

“करपल्यालं पिऊन माशीला काय व्हतं? तुझ्या पुस्तकात काय लिवलंय?”

तोंडी परीक्षेला बसल्यासारखा निरंजन सांगू लागला. “करपलेली साखर माशीला पचत नाही. हगवण लागते. झडीत बाहेर पडता येत नाही, म्हणून पेटीतच घाण होते. मग एकीची दुसरीला...”

तो थांबला.

“मग?”

“मग पेटी मरते.”

“किती दिसांत?”

“आठ-दहा.”

बाबांनी त्याच्या तळव्याकडे बोट केलं.

“ह्ये तिला सांग.”

...

माशी अजून पीत होती. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली. मग तिसरी.

हे सगळं निरंजनला आधीपासून माहीत होतं. दांडा वर काढला तेव्हाही माहीत होतं. माश्यांना नव्हतं. अकरा दिवस उपाशी त्या, समोर आलं ते पीत होत्या.

त्यानं फुंकर घालून त्यांना उठवलं. अंगणातल्या बादलीत हात धुतला. मग कुदळ घेतली.

पेट्यांपासून लांब, कुठल्याही माशीला वास लागणार नाही अशा जागी, त्यानं कमरेएवढा खड्डा खणला. दोन्ही भांडी त्यात रिती केली आणि वर माती ओढली. साठ किलो साखर. बाबा ओट्यावर बसून बघत होते. त्यांनी थांबवलं नाही, मदतही केली नाही.

“आता त्या खाणार काय?” निरंजननं विचारलं.

बाबा आत गेले आणि मधाचे डबे एकेक करून बाहेर आणू लागले. सगळ्या उन्हाळ्याचा मध. त्यावरच बाबांचं वर्षाचं तेलमीठ चालायचं.

“बाबा, हा तर तुमचा...”

“त्येंचाच हाय. पानी कोमट कर.”

निरंजननं पाणी तापवलं, लाकडं ओढून विझवली आणि मध ओतला. बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला. हाताला कुठेही घट्ट लागेनासं झालं, तरी तो फिरवतच राहिला.

दिवेलागणीला दोघांनी चाळीसही पेट्यांत वाट्या ठेवल्या. माश्या बुडू नयेत म्हणून निरंजननं प्रत्येक वाटीत गवताच्या काड्या टाकल्या, आणि झाकण लावल्यावर प्रत्येक पेटीला कान लावला. आधी चिडीचूप. मग बारीक गुणगुण, मग ती वाढत जायची. आत हजारो जीव होते आणि त्यानं कालवलेलं खात होते. शेवटच्या पेटीपाशी तो चिखलातच गुडघ्यावर बसला. इतकं मोठं काही आपल्या हाताखाली आहे, याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि तिथून उठावंसंही वाटेना.

तिथूनच तो म्हणाला, “बाबा, रस्ता मोकळा झाला की मी जातो.”

“आन् पेट्या कुनी बघायच्या? उद्यापासनं समद्या तुझ्याकडं.”

“माझ्याकडे? आज एवढं झाल्यावर?”

कोंडीबाबा हातातली रिकामी वाटी पुसत राहिले...

“कालच देनार व्हतो,” ते म्हणाले. “पर तुला चुकायचं भ्या नव्हतं. मला धीर झाला न्हाई.”