पाण्याचा हात

एकदा एक बाप आपल्याच लेकीला भिऊ लागला. हसू नका. सापाला भिणारी, सावकाराला भिणारी, फार तर साहेबाला भिणारी माणसे आपण पाहिलेली असतात. पण सात वर्षांच्या पोरीसमोर जेवायला बसले की घास घशाखाली उतरत नाही, असा धडधाकट पुरुष विरळाच.

श्रीरंग त्याचे नाव. तालुक्याच्या बाजारपेठेत त्याचे भांड्यांचे दुकान होते. त्याची लेक वेणू वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा तिची आई गेली. एकट्या पुरुषाच्याने तान्हे मूल कसे निभावणार, म्हणून वेणू आजोळी वाढली आणि श्रीरंग सणावाराला जाऊन तिला पाहून येई. आता आजी थकली, तिचे तिलाच उठवेना, तेव्हा मामाने भाचीला आणून बापाच्या स्वाधीन केले.

श्रीरंगला काय करू आणि काय नको असे झाले. घरात खेळण्यांचा ढीग लागला. आज नवा फ्रॉक, उद्या नव्या चपला, वर जिलेबी. दुकान सोडून हा घटकेघटकेला घरी यायचा आणि विचारायचा, भूक लागली का, करमते का, माझ्यावर रागावलीस का. तो जितका जवळ जाई तितकी वेणू अंग चोरून घेई. ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे तिने त्याच्याशी बोलणेच ठेवले नाही. जिलेबी ताटात तशीच राहायची. पोरीचा काही दोष नव्हता. अनोळखी घर, अनोळखी माणूस, आणि तो माणूस क्षणभर म्हणून नजर काढत नाही. तिने तरी काय करावे?

दोन आठवड्यांनी मामा डोकावला. भाचीचे सुकलेले तोंड पाहून त्याने श्रीरंगला बाजूला घेतले आणि स्पष्टच सांगितले, की शाळा सुरू व्हायच्या आत काय ते ठरले पाहिजे. येत्या रविवारी मी पुन्हा येईन. वेणू यायला तयार झाली तर तिला कायमची घेऊन जाईन, मग ही ने-आण नको, लेकराचे हाल होतात. बोलणे रास्त होते, आणि म्हणूनच ते श्रीरंगच्या काळजात रुतले.

गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी अप्पा नावाचे एक वृद्ध ज्ञानी गृहस्थ राहत. सकाळी त्यांच्यापाशी चार माणसे गीता-उपनिषदे वाचायला जमत, त्यांत श्रीरंग जुना शिष्य. तो थेट त्यांच्याकडे गेला आणि सगळे मन मोकळे केले. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले काय, तर आपल्या नव्या खोलीला चुना कधी देणार?

ही नवी खोली म्हणजे एका दानशूर शेठजींची कृपा. वाचनाला पक्की जागा हवी म्हणून त्यांनी काँक्रीटच्या भिंती उभ्या करून दिल्या. गिलावा आणि रंगापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांचा उत्साह आटला. करड्या, उघड्या भिंती. आत बसले की पाण्याच्या टाकीत बसल्यासारखे वाटे. श्रीरंगच्या मनात आले, म्हातारपणी यांना ऐकू कमी येते की काय? माझ्या घराचे हे असे चालले आहे आणि यांना भिंतींची पडली आहे! पण गुरूंनी सांगितले ते करायचे, एवढी रीत त्याच्या अंगात मुरलेली होती. पिंपात चुना विरवून तयारच होता. त्याने बाह्या सरसावल्या.

करायला घेतले ते मात्र त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे. चुना बासुंदीसारखा दाट कालवला आणि कोरड्या ठाक भिंतीवर कुंच्याने सपासप ओढला. आता चुन्याची गंमत अशी, की ओला असताना तो पुरता पांढरा दिसतच नाही, खालचा रंग त्यातून डोकावत राहतो. श्रीरंगला वाटले, भिंत झाकली गेली नाही. त्याने वरून आणखी एक हात दिला, त्यावर आणखी एक. संध्याकाळी खांदे भरून आले तेव्हा कुठे तो समाधानाने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो भिंतीला पोपडे सुटलेले. खाली पांढऱ्या भुकटीचा सडा. जिथे बोट टेकवावे तिथला चुना बोटाला लागून येत होता आणि मागे काँक्रीट जसेच्या तसे. एवढे ओतले तरी साधी भिंतसुद्धा आपले काही धरून ठेवत नाही, असे श्रीरंगच्या मनात आले आणि त्याचे डोळे भरून आले.

अप्पा आले. रागावले नाहीत. त्यांनी तारेचा ब्रश त्याच्या हाती दिला आणि सगळा चुना खरवडून काढायला सांगितले. धूळ आणि काँक्रीट ओतताना लावलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांचे तेलकट डागही घासून घेतले. भिंत पुन्हा उघडी झाली, तेव्हा त्यांनी एक बादली आणून ठेवली आणि म्हणाले, “आता भिंतीला पाण्याचा हात दे.”

श्रीरंगने बादलीत पाहिले. नुसते पाणी. चुना घालायचा राहिला का, असे त्याने विचारले, तर अप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि कुंच्याकडे बोट दाखवले. झाले! रविवार चार दिवसांवर आलेला आणि हा गृहस्थ पाण्याने भिंत रंगवत बसलेला. कोणी पाहिले असते तर वेड्यातच काढले असते. पाण्याचा हात फिरला की भिंत काळसर होई आणि पाहता पाहता पाणी पिऊन टाकी. अप्पा तळवा टेकवून पाहत आणि म्हणत, अजून. श्रीरंग मनातल्या मनात धुसफुसत होता, पण हात थांबला नाही. अखेर भिंत पुरती ओलावली तेव्हा अप्पांनी ताकासारखा पातळ चुना कालवून दिला आणि एकच हात द्यायला लावला. तो दिला, तरी दिसेना काहीच. श्रीरंगने कुंचा पुन्हा बुडवला, तसे अप्पांनी त्याचे मनगट धरले, कुंचा काढून घेतला आणि त्याला उंबऱ्यावर बसवले. चहा झाला.

आणि मग भिंत उजळू लागली. आधी वरच्या कोपऱ्यात, मग खिडकीपाशी. कोणी काही करत नव्हते आणि करडेपणा आपला मागे सरत होता. श्रीरंग उठून जवळ गेला, बोट टेकवून पाहिले. बोट कोरडे आले.

अप्पांचे वडील चुनाभट्टीवर राबलेले, त्यामुळे चुन्याचा स्वभाव त्यांना घरच्या माणसासारखा ठाऊक होता. ते म्हणाले, “श्रीरंगा, कालचा चुना खोटा नव्हता आणि भिंतही वाईट नव्हती. कोरडी भिंत तहानलेली असते रे. तिच्यावर तू दाट हात दिलास, तिनं त्यातलं पाणी ओढून घेतलं आणि वर राहिली भुकटी. आधी तिला पाणी द्यावं लागतं. मग पातळ हात, आणि मग आपला हात आवरायचा. चुना पांढरा होतो तो वाऱ्यावर, कुंच्यानं नाही. हा नीट मुरला की पुन्हा असाच एक पातळ हात देऊ.” त्यांनी कुंचा झटकून बादलीत ठेवला. “काल तू दाट का दिलास, सांगू? भिंतीला हवं होतं म्हणून नव्हे. तुला लगेच पांढरं दिसायला हवं होतं.”

आपण भिंतीविषयी ऐकत नाही आहोत, हे श्रीरंगला केव्हाच कळले होते. मग त्याने हळूच विचारले, “पाणी द्यायचं म्हणजे काय करायचं, अप्पा?”

“तिला दिसशील असा घरात राहा. काही मागू नकोस, काही देऊही नकोस. आपलं काम करत बस.”

“आणि रविवारी ती निघाली तर?”

“तर हसून पाठव. तिला रडवू नकोस. पण पाणी न देताच भिंत धरत नाही म्हणशील, तर तो तुझा अन्याय होईल.”

श्रीरंगने दुकान नोकरावर सोपवले आणि तो घरी राहिला. न विचारता राहणे किती अवघड असते, ते ज्याने केले त्यालाच कळावे. आपण सारी प्रेमाची माणसे, पण प्रेम दिले की लगेच त्याची पोच हवी असते. श्रीरंगची जीभ सारखी वळवळे, आणि ती दाताखाली धरून तो कधी माळा आवरी, कधी दाराच्या कड्यांना तेल घाली. पहिल्या दिवशी वेणू दाराआडून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती ओट्याच्या कडेला येऊन बसली. तिसऱ्या दिवशी त्याची पोळी तव्यावर जळली तेव्हा तिला हसू आले आणि तिने ते तळहाताआड लपवले. त्याने पाहिले, आणि पाहिले नाही असे दाखवले.

रविवार उजाडला. श्रीरंग मेथीची जुडी घेऊन जमिनीवर बसला होता. मन थाऱ्यावर नव्हते. देठ, माती, पिकली पाने, सगळे एकाच टोपलीत चालले होते. वेणू थोडा वेळ पाहत राहिली. मग येऊन शेजारी बसली आणि तिने अर्धी जुडी आपल्याकडे ओढली. “जाड देठ टाकायचे असतात,” ती म्हणाली. श्रीरंग फक्त “बरं” म्हणाला.

इतक्यात मामा आला. चपला काढून तो दारातच उभा राहिला आणि मायेने म्हणाला, “काय वेणूताई, चलायचं ना आपल्या घरी?”

श्रीरंगचा हात जागच्या जागी थांबला. वर पाहण्याचा धीर त्याला झाला नाही.

वेणूनेही मान वर केली नाही. ती पाने खुडत राहिली. “मी नाही येत,” ती म्हणाली. “बाबांना भाजी निवडता येत नाही.”

मामाने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा श्रीरंगकडे, आणि तो मुकाट्याने आत येऊन भिंतीला टेकून बसला. श्रीरंगच्या ओठांवर शंभर गोष्टी आल्या. त्याने एकही उच्चारली नाही. डोळे तसेच वाहू देत त्याने मेथीची पुढची काडी उचलली, वेणू करत होती तसा देठ मोडून बाजूला टाकला, आणि पाने तेवढी टोपलीत ठेवली.