पाण्याचा पट्टा

एका गावात गुणवंत नावाचा एक शेतकरी होता. कपाशी पिकवावी तर त्यानंच, आणि तिची फुशारकी मारावी तीही त्यानंच!

एका वर्षी कपाशीवर ढेकण्या पडल्या. हे बारके किडे कळ्यांचा रस पितात आणि कळ्या गळून जातात. बाजारात नवं औषध आलं होतं, पण औषध म्हणजे शेवटी विषच. उगाच साऱ्या शिवारात कसं ओतायचं? सरपंच गिरजाकाकू म्हणाल्या, "आधी पारखून घेऊ. एका पट्ट्यावर औषध मारू, एकावर नुसतं पाणी. फरक दिसला तरच सगळ्यांनी फवारायचं."

चिठ्ठ्या टाकल्या. औषध शेजारच्या महादूच्या पट्ट्याला आलं आणि पाणी नेमकं गुणवंताच्या. झालं! आता सारा गाव बांधावर उभा राहून आपली किडकी कपाशी बघणार, या विचारानं त्याला घास गोड लागेना. कोणी नाही असं पाहून त्यानं आपल्या पट्ट्यावरही तेच औषध मारलं.

पाहणीच्या दिवशी दोन्ही पट्टे स्वच्छ! लोक हरखले. "अरे, नुसत्या पाण्यानंच ढेकण्या जातात की! कशाला हवंय विष?" घरोघरचे पंप निघाले आणि सगळे आपापल्या शेतात पाणी मारू लागले. गुणवंत तोंड मिटून बसला.

ढेकण्या मात्र मजेत वाढत होत्या. गिरजाकाकूंच्या शेतात कळ्यांचा सडा पडला. ते पाहून गुणवंत धावत चावडीवर गेला. "पाण्यानं काही होत नाही! औषध मारा, आजच मारा!"

लोक हसले. "वा रे वा! तुझाच पट्टा पाण्यानं वाचला ना?"

गप्प बसावं तर गाव बुडतो, बोलावं तर अब्रू जाते. मान खाली घालून गुणवंत म्हणाला, "त्या पट्ट्यावर मी चोरून औषध मारलं होतं."

मग माणसं पंप घेऊन औषधासाठी धावली. बहुतेकांचं पीक वाचलं. गिरजाकाकूंचं निम्मं गेलं होतं.

काकू एवढंच म्हणाल्या, "गुणवंता, त्या पट्ट्याचं कामच किडायचं होतं रे. तो किडला असता, तर तुला कोणी हसलं नसतं."

तात्पर्य: आपली लाज झाकायला पारख खोटी करणारा साऱ्या गावाला चुकीच्या वाटेला लावतो.