दोरावरची जागा

एका टेकडीच्या उतारावर एक फार जुनं शहर होतं. किती जुनं, ते तिथल्या म्हाताऱ्यांनाही सांगता यायचं नाही. ‘आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं,’ एवढंच ते सांगायचे. घरं दगडी, गल्ल्या अरुंद, आणि खिसे सगळ्यांचेच फाटके. अर्ध्या घरांना कुलपं लागलेली. कोष्टी माग मोडून चुलीत घालायला निघाला होता, तर कासाराच्या दुकानात बांगड्यांवर धूळ बसलेली असायची.

पण त्या शहराचा एक रथ होता. ग्रामदेवीचा. वर्षातून एकदा तो वेशीपासून चढावरच्या देवळापर्यंत ओढून न्यायचा. त्याचा दोर बाजारातून आणायचा नाही, अशी रीत. घराघराने अंबाडीचा एकेक पेड वळायचा आणि सगळे पेड मिळून एक दोर व्हायचा. त्या दोरावर प्रत्येक घराची जागा ठरलेली असायची आणि तिथे त्या घराची चिंधी बांधलेली असायची. दुसऱ्याच्या जागेला कोणी हात लावायचा नाही. एखाद्या घरी आजारपण असलं तर ती जागा रिकामी राहायची आणि शेजारचे दोघे जरा जास्त जोर लावायचे.

एका वर्षी राजाचा कारभारी रथाच्या दिवशी तिथे आला. ते सगळे हात एका आरोळीसरशी ओढताना पाहून त्याचे डोळे भरून आले.

“नाचगाणी मी दरबारात पुष्कळ पाहिली,” तो म्हणाला, “पण हे नाही पाहिलं. आजपासून हे शहर राज्याची कलानगरी! पुढच्या रथाला मी परत येईन. अशीच देवी देवळात पोचली, की हा मान कायमचा तुमचा.”

वेशीवर तांब्याची पाटी लागली. आणि खोटं कशाला बोलू, शहराचं भलंच झालं! लांबलांबून पाहुणे आले. गळकी छपरं शाकारली गेली, बुजलेल्या विहिरी उपसल्या. कोष्ट्याचा माग पुन्हा खडखडायला लागला. पोटासाठी परगावी गेलेली पोरं परत आली. कासाराला बांगड्या भरता भरता जेवायला सवड मिळेना. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण हावेला थांब म्हणणार कोण?

आधी एकाने पाहुण्याला ओसरी दिली. मग माजघर दिलं. मग म्हणाला, आपण तरी इथे कशाला दाटीवाटीने राहायचं? अख्खं घर पाहुण्यांना देऊन तो नदीपलीकडे झोपडी बांधून राहिला. त्याचं पाहून शेजारी गेला, शेजाऱ्याचं पाहून सगळी आळी गेली. पाहुणे विचारायचे, “इथली माणसं कुठे राहतात?” आणि चहावाला नदीपलीकडे बोट दाखवायचा. हसायचे लेकाचे! त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

रथ जवळ आला तसा नगरशेठ दारोदार फिरू लागला.

“पाहुण्यांना नुसतं बघायचं नाही, दोर धरायचाय. या वर्षापुरती तुमची जागा त्यांना द्या. हात सैल सोडून पैसे देतायत मंडळी.”

कुंभाराने दिली, कोष्ट्याने दिली, तेल्याने तर घासाघीस करून दिली. राहता राहिला कासार.

कासाराची मुलगी गोदी. तिला यंदा आठवं लागलं होतं, आणि आठव्या वर्षी पोराने पहिल्यांदा दोराला हात लावायचा, अशी त्यांची रीत. पोरीने पेड स्वतः वळला होता. वळता वळता तळहाताला फोड आले तरी कुणाला हात लावू दिला नव्हता. चिंधीसाठी आईच्या जुन्या चोळीचा हिरवा तुकडाही तिने काढून ठेवला होता.

“जागा द्यायची नाही,” कासारीण म्हणाली. “अहो, पोरगी वर्षभर दिवस मोजतेय.”

“अगं, सगळ्यांनी दिली. आपणच तेवढे शहाणे का? नदीपलीकडे पक्कं घर होईल आपलं. गोदी पुढच्या वर्षी धरेल. दोर काय पळून जातोय?”

“दोर नाही पळत हो,” ती म्हणाली, “माणसं पळतात.”

पण कासाराने जागा दिली. पोरीला त्याने काही सांगितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती त्याच्यात.

रथाचा दिवस उजाडला. रेशमी अंगरख्यांचे पाहुणे दोरावर ओळीने उभे राहिले. आरोळी झाली. कुणी आरोळीआधी ओढलं, कुणी नंतर, आणि कुणी आपलं चित्र काढणाऱ्या चिताऱ्याकडे तोंड करून नुसतंच उभं राहिलं. रथ हातभर सरकला तशा टाळ्या पडल्या. दुपारपर्यंत कसाबसा चढाच्या तोंडाशी आला आणि तिथे जो रुतला तो रुतलाच. पाहुण्यांचे हात सोलवटले. “झाली की गंमत,” म्हणत कित्येकजण सावलीला जाऊन बसले.

दिवस कलायला लागला. कारभाऱ्याने विचारलं, “शहरातले लोक कुठे आहेत?”

ते होते ना! नदीपलीकडून आलेले, धुतलेले कपडे घालून, दोन्ही बाजूंना उभे.

“अरे, बघताय काय? ओढा!”

कोणी जागचं हललं नाही. कोष्टी खाली मान घालून म्हणाला, “धनी, माझी जागा मी दिली. दुसऱ्याच्या जागेला हात लावायची आमच्यात रीत नाही.”

बघा! सगळं विकून झालं, आणि आता रीत आठवली.

तेवढ्यात गर्दीतून गोदी धावत सुटली. दोरावरची हिरवी चिंधी तिने ओळखली आणि दोन्ही हातांनी तिथे दोर पकडला. चिंधीशेजारी एक अत्तराचा व्यापारी बसला होता.

“ए पोरी, सोड. ही जागा माझी आहे.”

“नाही! आमची आहे. माझे बाबा तिथे उभे आहेत, विचारा त्यांना!”

व्यापाऱ्याने कासाराकडे पाहिलं. कारभाऱ्याने पाहिलं. सगळं शहर पाहायला लागलं. आणि खरं सांगते, त्या वेळी कासार नुसता ‘आमची’ एवढं जरी म्हणाला असता, तरी कुंभार धावला असता, कोष्टी धावला असता. सगळ्यांचे हात शिवशिवत होते. कुणीतरी पहिलं व्हायला हवं होतं.

कासाराला नदीपलीकडचं अर्धं बांधलेलं घर दिसलं.

“त्यांचीच आहे,” तो म्हणाला. “गोदी, सोड दोर.”

पोरीने दोर सोडला. ती रडली नाही. बापाकडे न बघता ती आईजवळ जाऊन उभी राहिली. रथ चढावर होता तिथेच राहिला आणि देवीला त्या वर्षी देऊळ दिसलं नाही.

कारभारी जाताना वेशीवरची पाटी काढून घेऊन गेला. पाहुणेही गेले, कलानगरी आता दुसरीकडे होती. घरं पुन्हा रिकामी झाली, पण नदीपलीकडून कुणी परत राहायला आलं नाही. फरक एवढाच, की आधी कुलपं अर्ध्या घरांना होती, आता सगळ्यांना लागली.

वर्ष फिरलं. कासाराने अंबाडी आणली आणि लेकीला हाक मारली. “ये गं गोदी. चल, पेड वळू. यंदा आपल्या जागेवर तू धरायचंस.”

गोदी म्हणाली, “आपली कुठली, बाबा? तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांसमोर, ती त्यांची आहे.”

त्या अंबाडीची पुढे दोरी झाली आणि नदीपलीकडच्या पक्क्या घरात तिच्यावर धुणं वाळत असतं.

तात्पर्य सांगते, पटलं तर घ्या: पाहुण्याला ओसरी द्यावी, पाट द्यावा, पोटभर जेवू घालावं, आपल्या हातातला दोर मात्र देऊ नये. मान आला की शहराची भरभराट होते, पण तो मान सांभाळायला शहरात शहराची माणसं असावी लागतात.